भारतातून दत्तक घेतलेल्या बाळाची अमेरिकन सिटिझनशिप: व्हिसापासून ओसीआयपर्यंत

बाळ घरी आलं, बारसं झालं, दोन्हीकडच्या आजी-आजोबांनी व्हिडिओ कॉलवर डोळे पुसले, आता सगळं मार्गी लागलं असं वाटतं आणि बरोबर त्याच वेळी कागदपत्रांचा दुसरा अंक सुरू होतो. अमेरिकेत राहणारे आपले बरेच मराठी लोक भारतातून मूल दत्तक घेतात, कारा (भारताची दत्तक विधान बघणारी केंद्रीय सरकारी संस्था), होम स्टडी (सोशल वर्करने केलेली घराची तपासणी), एजन्सी यात दोन-तीन वर्ष घासून निघालेले असतात, त्यामुळे मूल इथे आल्यावर कुणालाच आणखी एकही फॉर्म बघायची इच्छा नसते. पण सिटिझनशिपचं काम तेव्हाच उरकायचं असतं, मूल लहान असताना, फाइल ताजी असताना.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. कायद्याने सिटिझनशिप बहुतेक वेळा आपोआप मिळते, पण तिचा पुरावा प्रत्येक वेळी आपोआप मिळत नाही. आणि सरकारी कामात, कॉलेजात, नोकरीत सगळे पुरावाच मागतात. खाली जे लिहिलंय ते सगळं या एका फरकाभोवती फिरतं.

हे लिहिताना मी आई किंवा बाबा यांपैकी किमान एक जण अमेरिकन सिटिझन आहे असं धरून चाललोय. दोघंही एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असाल तर थोडं खाली त्याबद्दल वेगळं लिहिलंय.

कायदा काय म्हणतो

२००० साली चाइल्ड सिटिझनशिप ॲक्ट पास झाला आणि २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू झाला. त्याआधी दत्तक मुलासाठी आईवडलांना वेगळा अर्ज करून नॅचरलायझेशन (जन्माने नसलेलं नागरिकत्व मिळवणं) करून घ्यावं लागायचं, आणि अनेकांना हे माहीतच नव्हतं, त्यांना वाटायचं दत्तक घेतलं म्हणजे मूल आपलं आणि आपलं मूल म्हणजे अमेरिकन.

आताच्या कायद्यात अटी अशा: आई किंवा बाबा किमान एक जण सिटिझन पाहिजे, जन्माने असो की नॅचरलाइज होऊन, फरक पडत नाही. मूल १८ च्या आत पाहिजे. मूल इमिग्रंट व्हिसावर म्हणजे पर्मनंट रेसिडेंट म्हणून देशात आलेलं पाहिजे, टुरिस्ट व्हिसावर नाही. ते सिटिझन पालकाच्या कायदेशीर ताब्यात आणि त्याच्याबरोबरच अमेरिकेत राहत असलं पाहिजे. आणि दत्तक विधान इमिग्रेशन कायद्याच्या व्याख्येत बसणारं आणि पूर्ण झालेलं पाहिजे. या सगळ्या गोष्टी ज्या क्षणी एकत्र खऱ्या होतात त्या क्षणी मूल सिटिझन होतं, कुणी शिक्का मारो वा न मारो. क्रम महत्त्वाचा नाही, पण सगळ्या १८ व्या वाढदिवसाच्या आत जुळल्या पाहिजेत.

यात एक मोठी फट राहिली. २७ फेब्रुवारी २००१ ला जे आधीच १८ वर्षांचे झालेले होते त्यांना या कायद्याचा फायदा मिळाला नाही. १९८९ मध्ये मुंबईहून दत्तक म्हणून अमेरिकेत गेलेली एक मुलगी, तिकडेच वाढली, लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि २००८ मध्ये ड्रग्जच्या केसनंतर तिला परत मुंबईत डिपोर्ट केलं, कारण तिच्या सिटिझनशिपची प्रोसेस कुणी पूर्णच केली नव्हती. ना भाषा येत होती ना ओळखीचं कुणी होतं. त्या वेळी हे प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं होतं आणि पेपरमध्ये बरंच आलं होतं. ही फट बुजवायला अमेरिकन काँग्रेसमध्ये अनेकदा बिल आलंय, पास झालेलं नाही. तुमचं मूल आज लहान असेल तर ही फट तुम्हाला लागू नाही, पण पुरावा का हवा हे कळायला ही केस पुरेशी आहे.

पहिलं काम: व्हिसावर काय छापलंय ते बघा

भारत आणि अमेरिका दोन्ही हेग कन्व्हेन्शनमध्ये (दुसऱ्या देशातून मूल दत्तक घेण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) आहेत (भारत २००३ पासून, अमेरिकेत १ एप्रिल २००८ पासून लागू). त्यामुळे अमेरिकेत राहणाऱ्या कुटुंबाने भारतातून मूल घेतलं की प्रोसेस हेगचीच, म्हणजे आधी आय-८००ए (तुम्ही पालक म्हणून योग्य आहात का), मग काराकडून मॅचिंग झाल्यावर आय-८०० (हे मूल पात्र आहे का), मग काराची एनओसी, मग भारतात ॲडॉप्शन ऑर्डर, मग काराचं आर्टिकल २३ चं कन्फॉर्मिटी सर्टिफिकेट (दत्तक विधान हेगच्या नियमांप्रमाणे झालं असा दाखला), मग मुलाचा भारतीय पासपोर्ट, आणि शेवटी दिल्लीच्या अमेरिकन एम्बसीतून इमिग्रंट व्हिसा. मूल नागपूरचं असो की कोल्हापूरचं, ॲडॉप्शन व्हिसासाठी दिल्लीच, मुंबई कॉन्सुलेट हे काम करत नाही.

व्हिसा दोनपैकी एक असतो. आयएच-३ म्हणजे दत्तक विधान भारतातच पूर्ण झालंय. आयएच-४ म्हणजे मूल तुमच्या कस्टडीत दिलंय, पण दत्तक विधान अमेरिकेत येऊन व्हायचं बाकी आहे. जुन्या, हेगच्या आधीच्या केसेसमध्ये याच दोन प्रकारांना आयआर-३ आणि आयआर-४ म्हणायचे, हे अजूनही नॉन-हेग देशांसाठी चालू आहे. भारतातून पूर्वी बरीच मुलं आयआर-४ वर यायची कारण परदेशी पालकांना १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टखाली फक्त पालकत्व मिळायचं, खरं दत्तक विधान इकडे येऊन करावं लागायचं. आता जुवेनाइल जस्टिस ॲक्टखाली भारतातच पूर्ण ॲडॉप्शन ऑर्डर मिळते, त्यामुळे नेहमीच्या केसमध्ये आयएच-३ च येतो.

ऑर्डर कुणाची आहे याने गोंधळून जाऊ नका. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे सप्टेंबर २०२२ पासून ऑर्डर द्यायचा अधिकार कोर्टाकडून डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेटकडे गेला. पण महाराष्ट्रात कोर्टात आधीच चालू असलेल्या प्रकरणांबद्दल मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये ती डीएमकडे ट्रान्सफर करू नका असं सांगितलं होतं. म्हणून एका कुटुंबाकडे कोर्टाची ऑर्डर असते आणि दुसऱ्याकडे कलेक्टर ऑफिसची, दोन्ही चालतात. तुम्ही फक्त एक करा, भारतातून निघण्याआधी ऑर्डरच्या चार-पाच सर्टिफाइड कॉपी घ्या. नंतर अमेरिकेत बसून एक जादा कॉपी मिळवणं म्हणजे कुणा नातेवाइकाला ऑथोरिटी लेटर देऊन त्या ऑफिसच्या चकरा मारायला लावणं, आणि ते काम कुणालाही आवडत नाही.

आयएच-३ वाल्यांनी काय करायचं

तुमची केस सोपी. विमानतळावर इमिग्रेशन ऑफिसरने पर्मनंट रेसिडेंट म्हणून ॲडमिट केलं आणि तुम्ही अमेरिकेतच राहणार असाल, तर मूल तिथेच, त्या काउंटरवरच सिटिझन झालं. यूएससीआयएस (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) स्वतःहून सर्टिफिकेट ऑफ सिटिझनशिप पोस्टाने पाठवतं, एन-६०० (या सर्टिफिकेटचा अर्ज) भरावा लागत नाही, फी नाही. साधारण ६० दिवस धरायचे. या मुलांना सहसा ग्रीन कार्ड येत नाही, त्यामुळे "ग्रीन कार्ड का नाही आलं" म्हणून घाबरू नका.

लफडं होतं ते पत्त्याचं. सर्टिफिकेट व्हिसा अर्जात दिलेल्या पत्त्यावर जातं. मूल येणार म्हणून लोक नेमकं त्याच वर्षी अपार्टमेंट सोडून घर घेतात, चांगल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये शिफ्ट होतात, आणि सर्टिफिकेट जुन्या पत्त्यावर जाऊन परत जातं. शिफ्ट होणार असाल तर लगेच यूएससीआयएसकडे पत्ता बदला, पोस्ट ऑफिसचं फॉरवर्डिंग यावर भरवसा ठेवू नका. दोन-अडीच महिन्यांत आलं नाही तर गप्प बसू नका, यूएससीआयएसला संपर्क करा, एजन्सीलाही सांगा.

आल्यावर लिफाफा उघडून फाइलमध्ये ठेवायच्या आधी एकेक अक्षर तपासा. नाव, जन्मतारीख, फोटो, देश, सगळं. आपल्या नावांचं एक खास मराठी दुखणं आहे. मुलाच्या भारतीय पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये मुलाचं आणि वडलांचं नाव एकत्र येतं, ॲडॉप्शन ऑर्डरवर संस्थेने ठेवलेलं जुनं नाव "उर्फ" म्हणून असतं, जन्मदाखल्यावर स्पेलिंग वेगळं, आणि इकडे तुम्ही मिडल नेम वेगळं ठेवायचं ठरवलेलं असतं. सर्टिफिकेटवर व्हिसावरचं नाव येणार. यूएससीआयएसची चूक असेल तर एन-५६५ भरून फुकट दुरुस्त होते. तुम्हाला नाव बदलायचं असेल तर आधी स्टेट कोर्टातून बदला आणि मग नवीन सर्टिफिकेट मागा, त्याला फी पडते, पाचशे डॉलरच्या वर.

सर्टिफिकेट मुलाच्या सगळ्या आयुष्यासाठी असतं, ते एक्स्पायर होत नाही. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. त्यावर कॉपी काढण्याविरुद्ध एक धमकीवजा ओळ छापलेली असते, ती वाचून काही लोक झेरॉक्ससुद्धा काढत नाहीत, पण ती ओळ गैरवापरासाठी आहे. पासपोर्ट, ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं भारत सरकारचं कार्ड), शाळा असल्या कायदेशीर कामासाठी कॉपी काढायला हरकत नाही.

आयएच-४ वाल्यांनी काय करायचं

इथे कामं वाढतात आणि इथेच लोक अडकतात, कारण मूल घरात आलेलं असतं, शाळेत जात असतं, ग्रीन कार्ड पण आलेलं असतं, त्यामुळे घाई कसली असं वाटतं. पण तुमच्या स्टेटच्या कोर्टात दत्तक विधान पूर्ण होईपर्यंत मूल सिटिझन नाही, फक्त पर्मनंट रेसिडेंट आहे.

म्हणून आल्या आल्या फॅमिली कोर्टाचं काम सुरू करा. पोस्ट-प्लेसमेंट व्हिजिट्स, सोशल वर्करचे रिपोर्ट, बॅकग्राउंड चेक, मग सुनावणी. किती महिने लागतील ते स्टेटप्रमाणे बदलतं. फायनल डिक्री ज्या दिवशी होते त्या दिवशी, बाकी अटी जुळत असतील तर, मूल सिटिझन होतं. आणि यानंतर कुणी काही पाठवत नाही. सर्टिफिकेटसाठी एन-६०० तुम्हालाच भरायचा.

एन-६०० ला काय लागतं: सिटिझन पालकाचा पुरावा (अमेरिकन पासपोर्ट किंवा नॅचरलायझेशन सर्टिफिकेट), लग्नाचा दाखला, आधी घटस्फोट झालेला असेल तर ती डिक्री, मुलाचा जन्मदाखला, भारतातली कस्टडी किंवा ॲडॉप्शन ऑर्डर, स्टेट कोर्टाची फायनल डिक्री, ग्रीन कार्डच्या दोन्ही बाजू, आणि मूल तुमच्याकडेच राहतं याचा पुरावा म्हणजे शाळेचं रेकॉर्ड, डॉक्टरचं रेकॉर्ड, इन्शुरन्स वगैरे. मराठीत किंवा हिंदीत असलेल्या प्रत्येक कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, त्याखाली भाषांतर करणाऱ्याने "मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक आहे" असं लिहून सही करायची. पूर्ण म्हणजे पूर्ण, शिक्क्यातला मजकूरसुद्धा. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावरचा गोल शिक्का पुसट आहे म्हणून सोडून देऊ नका, "शिक्का, अस्पष्ट" असं तरी लिहा.

फीबद्दल. एन-६०० ची नेहमीची फी १३०० डॉलरच्या वर आहे, ती ऐकून लोक म्हणतात पासपोर्ट काढू, सर्टिफिकेट नंतर बघू. पण एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या फी नियमांमध्ये दत्तक मुलांसाठी ही फी माफ आहे. म्हणजे "महाग आहे" हे कारण आता उरलं नाही. अर्ज भरताना यूएससीआयएसच्या फी शेड्युलमधली ती ओळ त्या दिवशी परत वाचा, फीचे नियम बदलत असतात.

इंटरव्ह्यूला बोलावू शकतात, १४ वर्षांच्या आतल्या मुलांना शपथ सहसा माफ असते. मूल १८ च्या पुढे गेलं तरी, सगळ्या अटी १८ च्या आत जुळल्या असतील, तर एन-६०० कधीही भरता येतो. तेव्हा मोठ्या मुलांच्या आईवडलांनो, वेळ गेली असं समजू नका.

पासपोर्ट

सर्टिफिकेट येईपर्यंत थांबायचं की आधी पासपोर्ट काढायचा, यावर लोक वाद घालतात. माझं मत, दोन्ही पाहिजे. पासपोर्ट हा सिटिझनशिपचा पक्का पुरावा आहे पण १६ च्या आतल्या मुलाचा पाच वर्षांतच संपतो, आणि हरवला तर परत पहिल्यापासून कागद जमवा.

फॉर्म डीएस-११, मुलाला आणि दोन्ही पालकांना समक्ष जावं लागतं. एक जण येऊ शकत नसेल तर डीएस-३०५३ वर नोटराइज केलेली संमती. सर्टिफिकेट हातात असेल तर काम सोपं. नसेल तर आयएच-३ वाले मुलाचा भारतीय पासपोर्ट (व्हिसा आणि एंट्रीच्या शिक्क्यासकट), ॲडॉप्शन ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी, आणि पालकाच्या सिटिझनशिपचा पुरावा देऊन अर्ज करू शकतात. पोस्ट ऑफिसच्या काउंटरवरच्या माणसाने दत्तक केस फार बघितलेल्या नसतात, तो "बर्थ सर्टिफिकेट अमेरिकन नाहीये" म्हणून परत पाठवायला बघतो, तर शांतपणे स्टेट डिपार्टमेंटच्या साइटवरचं दत्तक मुलांचं पान प्रिंट करून न्या आणि दाखवा. ओरिजिनल कागद परत येतात, पण पासपोर्टपेक्षा वेगळ्या लिफाफ्यात आणि वेगळ्या दिवशी, घाबरू नका.

सोशल सिक्युरिटी, जे सगळे विसरतात

मुलाला एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) मिळताना रेकॉर्डवर बहुतेक वेळा पर्मनंट रेसिडेंट असंच जातं. मूल सिटिझन झालं हे सोशल सिक्युरिटी ऑफिसला यूएससीआयएस किंवा पासपोर्टवाले आपोआप कळवतील असं धरू नका. सर्टिफिकेट किंवा अमेरिकन पासपोर्ट घेऊन ऑफिसला जा, एसएस-५ भरा, रेकॉर्ड सिटिझन म्हणून अपडेट करून घ्या. नंबर तोच राहतो, पैसे लागत नाहीत.

हे न केल्याचा त्रास १७-१८ व्या वर्षी होतो. फाफ्साचा (कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदतीचा) फॉर्म भरला की तो सोशल सिक्युरिटीच्या रेकॉर्डशी मॅच होतो आणि तिथे सिटिझन नाही असं दिसलं की कॉलेजची एड अडकते. पहिली नोकरी लागली आणि कंपनी ई-व्हेरिफाय (नोकरीची परवानगी ऑनलाइन तपासायची सरकारी सिस्टीम) वापरत असेल तर तिथेही तेच. सीनियर इयरमध्ये, ॲडमिशनच्या धावपळीत, आईवडील लॉकरच्या चाव्या शोधत बसतात.

स्टेटमध्ये परत दत्तक विधान करायचं का

आयएच-३ वाल्यांना सिटिझनशिपसाठी याची गरज नाही. तरी बऱ्याच स्टेटमध्ये रीॲडॉप्शन किंवा परदेशी ऑर्डरची नोंदणी करता येते, आणि मी तरी करा म्हणेन. त्याने इंग्रजीतली, अमेरिकन कोर्टाची डिक्री मिळते आणि स्टेटकडून सर्टिफिकेट ऑफ फॉरेन बर्थ मिळतं. पुढे आयुष्यभर जिथे जिथे जन्मदाखला मागतील तिथे भारतातला दाखला दाखवून गोष्ट सांगत बसावं लागत नाही. नाव बदलायचं असेल तर तेही याच वेळी. संस्थेत सापडलेल्या मुलाची जन्मतारीख कधी कधी अंदाजाने लावलेली असते, डॉक्टरांनी दात आणि हाडं बघून वय ठरवलेलं असतं, त्यात बदल करायचा असेल तरी आधी स्टेट कोर्टातूनच.

भारताकडची बाजू

मूल अमेरिकन झालं की भारतीय पासपोर्ट वापरणं बंद. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात ते स्पष्ट आहे. त्यामुळे मुलाचा पासपोर्ट अजून नऊ-दहा महिने व्हॅलिड आहे म्हणून गणपतीला त्याच्यावर जाऊन येऊ, असं करू नका. व्हीएफएसमार्फत (भारतीय कॉन्सुलेटसाठी अर्ज घेणारी कंपनी) पासपोर्ट सरेंडर करा, सरेंडर सर्टिफिकेट घ्या. पण त्याआधी पासपोर्टच्या प्रत्येक पानाचं, विशेषतः व्हिसा आणि एंट्री स्टॅम्पचं रंगीत स्कॅन करून ठेवा आणि अमेरिकन पासपोर्ट हातात आल्यावरच सरेंडरला पाठवा, कारण सर्टिफिकेट यायच्या आधी तुमच्याकडे मुलाच्या एंट्रीचा तोच एक पुरावा असतो.

मग ओसीआय. दत्तक मूल स्वतःच आधी भारतीय नागरिक होतं, त्यामुळे पात्रता थेट त्याची स्वतःची आहे, तुमच्याकडे ओसीआय नसलं तरी. सरेंडर सर्टिफिकेट, जुन्या भारतीय पासपोर्टची कॉपी, ॲडॉप्शन ऑर्डर, नवीन आईवडलांची नावं असलेला जन्मदाखला, तुमचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला हे सगळं जोडा. सही न येणाऱ्या बाळाचा अंगठा चालतो. मूल २० चं झाल्यावर नवीन पासपोर्ट आला की ओसीआय एकदा री-इश्यू करून घ्यायचं, त्याआधी प्रत्येक नवीन पासपोर्टला फक्त ऑनलाइन अपलोड पुरतं.

काराचं पण राहिलंय. दोन वर्षं प्रोग्रेस रिपोर्ट जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, ते एजन्सी अपलोड करते. त्याबरोबर मुलाच्या सिटिझनशिपच्या पुराव्याची कॉपी पण द्यायची असते. एजन्सी मागेपर्यंत थांबू नका, आली की पाठवून द्या.

नात्यातलं मूल दत्तक घेणार असाल तर आधी हे वाचा

इथे जरा थांबून लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे बघितलाय. भावाला तीन मुलं, आपल्याला मूल नाही, किंवा बहीण गेली आणि भाचीचं कुणी नाही, तर घरातले मोठे लोक म्हणतात गुरुजींना बोलवा, दत्तक होम करा, सब-रजिस्ट्रारकडे दत्तकपत्र रजिस्टर करा, झालं. हिंदू दत्तक आणि पोटगी कायदा १९५६ प्रमाणे भारतात ते दत्तक विधान व्हॅलिड असू शकतं. पण तुम्ही अमेरिकेत राहत असाल तर तेवढ्यावर मुलाला इमिग्रंट व्हिसा मिळत नाही, आणि व्हिसा नाही म्हणजे सिटिझनशिपचा प्रश्नच नाही.

नात्यातलं मूल असलं तरी हेग लागू होतं. आधी आय-८००ए, आय-८०० चं प्रोव्हिजनल अप्रूव्हल, काराची एनओसी, आणि मगच दत्तक विधान. उलट्या क्रमाने केलं, म्हणजे होम आणि दत्तकपत्र आधी आणि आय-८०० नंतर, तर पिटिशन नाकारली जाते आणि केलेलं दत्तक विधान रद्द करून परत सुरुवात करायची वेळ येते. मूल १६ चं व्हायच्या आत आय-८०० फाइल झालेला पाहिजे, भावंडं एकत्र असतील तर काही वेळा १८.

दुसरी अडचण याहून मोठी. अमेरिकन कायद्यात जन्मदाते आई आणि वडील दोघंही हयात असतील तर ते मुलाची नीट काळजी घ्यायला असमर्थ असले पाहिजेत. पुण्यात टू बीएचके, दोघांची नोकरी, मूल इंग्लिश मीडियममध्ये, अशा भावाचं मूल प्रेमाने दिलं तरी यात बसत नाही. आणि भारताच्या बाजूने जुवेनाइल जस्टिस ॲक्टमध्ये नातेवाईक म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि आजी-आजोबा. चुलतभावाच्या किंवा मावसबहिणीच्या मुलाला त्या कलमाखाली घेता येत नाही. घरच्यांना हे आधीच स्पष्ट सांगा, होम झाल्यावर सांगण्यापेक्षा बरं.

एक वेगळी वाट आहे, आय-१३० (कुटुंबातल्या माणसासाठीची इमिग्रेशन पिटिशन) ची. मूल १६ च्या आत दत्तक घेतलेलं, दोन वर्षं कायदेशीर कस्टडी आणि दोन वर्षं प्रत्यक्ष एकत्र राहणं. म्हणजे आई किंवा बाबांनी दोन वर्षं भारतात मुलाबरोबर राहायचं. काही जण खरंच हे करतात, नोकरी सोडून किंवा रिमोट घेऊन. पण ही वाट धरायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला पैसे द्या, वॉट्सॲप ग्रुपवर विचारून धरू नका.

पुण्याला परत गेलेले

अमेरिकन पासपोर्ट घेऊन भारतात परतलेली आणि तिथे राहून मूल दत्तक घेतलेली कुटुंबं हल्ली बरीच आहेत. मूल अमेरिकेत राहत नाही, म्हणून वरचा "आपोआप" नियम लागत नाही. तुमचा फॉर्म एन-६००के. सिटिझन पालकाने आयुष्यात एकूण पाच वर्षं अमेरिकेत काढलेली पाहिजेत, त्यातली किमान दोन १४ व्या वर्षानंतरची (पालकाची भरत नसतील तर सिटिझन आजी किंवा आजोबांची मोजता येतात). दत्तक विधान इमिग्रेशनच्या व्याख्येत बसलं पाहिजे, म्हणजे बहुतेकांना तो दोन वर्षांचा कस्टडीचा नियम. मग मूल व्हिसावर तात्पुरतं अमेरिकेत जातं, तिथे इंटरव्ह्यू होतो आणि सर्टिफिकेट मिळतं. यात १८ ही तारीख कडक आहे. अर्जच नाही, सगळी प्रोसेस १८ च्या आत संपली पाहिजे. मूल १५-१६ चं झालं असेल तर आजच सुरू करा.

दोघंही सिटिझन नसाल तर

आय-८००ए फक्त अमेरिकन सिटिझनला भरता येतो, जोडप्यात एक जण असला तरी चालतो. दोघंही एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असाल तर हा रस्ता बंद आहे आणि मूल भारतीयच राहतं. पुढे मूल ग्रीन कार्डवर तुमच्याबरोबर अमेरिकेत राहत असताना, ते १८ चं व्हायच्या आत, तुमच्यापैकी एकाने नॅचरलायझेशन केलं तर त्या शपथेच्या दिवशी मूल पण सिटिझन होतं. स्वतःची शपथ झाली की सेल्फी काढून मोकळे होऊ नका, मुलाचा पासपोर्ट आणि एन-६०० त्याच महिन्यात लावा.

मोठं झालेल्या मुलाकडे कागदच नसेल तर

हे पण होतं. तिशी-चाळिशीतला कुणी दत्तक माणूस विचारतो, माझ्याकडे एक जुना भारतीय पासपोर्ट आहे आणि ग्रीन कार्ड एक्स्पायर झालंय, मी कोण? आधी जन्मतारीख बघायची. २७ फेब्रुवारी १९८३ नंतर जन्म असेल, तर १८ च्या आत सगळ्या अटी जुळल्या होत्या का ते तपासायचं, जुळल्या असतील तर तो सिटिझन आहेच, एन-६०० भरायचा. जन्म त्या दिवशीचा किंवा त्याआधीचा असेल आणि आईवडलांनी नॅचरलायझेशन केलेलं नसेल तर तो बहुधा अजून पर्मनंट रेसिडेंट आहे, त्याने स्वतः एन-४०० (नॅचरलायझेशनचा अर्ज) भरायचा असतो, पण आधी वकील. आणि तोपर्यंत कुठल्याही फॉर्मवर, वोटर रजिस्ट्रेशनवरसुद्धा, "मी सिटिझन आहे" असं टिक करायचं नाही, देशाबाहेर जायचं नाही. आपण सिटिझन आहोत असं चुकून सांगणं हाच नंतर सगळ्यात मोठा अडथळा होतो. जुनी फाइल हरवली असेल तर यूएससीआयएसकडे फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन ॲक्टखाली स्वतःची ए-फाइल (इमिग्रेशन खात्याकडची आपली जुनी फाइल) मागता येते, त्यात व्हिसाचा प्रकार, एंट्रीची तारीख, बऱ्याचदा भारतातली जुनी ऑर्डरसुद्धा सापडते.